काचेतला झिरा

जळगावला आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं. समुद्राचं पाणी मात्र घरात कायम भरलेलं असायचं. हे मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मी त्याला हसू देते.

ते पाणी माझ्या धाकट्या भावाचं. तो जहाजावर होता, खाली इंजिनाच्या खोलीत. आमचं गाव धुळ्याजवळ पांझरेच्या काठी. उन्हाळ्यात त्या नदीत पाणी कमी आणि बैलगाड्या जास्त. अशा गावातला पोरगा समुद्रावर जातो म्हणाला, तेव्हा वडिलांनी विचारलं, "पोहता येतं का तुला?" तो म्हणाला, "पोहायचं काम जहाजाचं. मी नुसता बसणार." वडील पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे उत्तर सांगत राहिले.

जहाजावर त्याच्या ताब्यात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून गोडं पाणी करायचं यंत्र होतं. "मना पोऱ्या बठ्ठा जहाजले पानी पाजस," असं आई गावभर सांगायची. नव्वदीच्या मध्यावर तो परत आला तो दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन. पाय सुजलेले, तोंड पांढरंफटक. लग्न झालेलं नव्हतं. वडील तोपर्यंत गेलेले, आई गावी एकटी. मी त्याला जळगावला माझ्या घरी आणलं, कारण नाशिकला जायला गाडी इथून सोयीची, आणि नाशिकला जाऊन रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागे. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. मी त्यांना म्हटलं, "तो आता आपल्याकडे राहील." ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या खोलीतली शिलाई मशीन उचलून आत ठेवली. माझं मूत्रपिंड त्याला जुळलं नाही. आईचं वय झालेलं. तो विषय तिथंच संपला.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मीठ जवळजवळ नाही. डाळ बेताची. केळं तर बघायचंसुद्धा नाही. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून हे सांभाळणं सोपं नव्हतं. चोपड्याकडचे पाहुणे आले की घड घेऊनच येत आणि आजारी माणसाला भेटायला आले म्हणून तो त्याच्या पलंगाशीच ठेवत. भाऊ म्हणे, "ठेवा, ठेवा. मी वासावर आहे सध्या."

सगळ्यात कठीण पाणी. मूत्रपिंडं काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, आणि शेवटी छातीत चढतं. त्यामुळे पाणी मोजून. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी एका काचेच्या बाटलीत त्याचं दिवसाचं पाणी भरून त्याच्या उशाशी ठेवायचे. चहा, औषधाचा घोट, चूळ, सगळं त्या हिशेबात. तो त्याला रेशन म्हणायचा. संध्याकाळी मी आले की बाटली उंच धरून दाखवायचा, "अक्का, आज कोटा शिल्लक आहे. विकायचा का?"

आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने टाकी करायची म्हटली. मला वाटलं, सोनेरी मासे, रंगीत खडे, दुकानात असतात तसली. माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माशांकडे बघेल, म्हणून मी हो म्हटलं. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात एका एजंटाच्या ऑफिसात त्याने समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली होती. आत समुद्रातून जीवजंतूंसकट काढलेले जिवंत दगड, दगडावर फुलांसारखे प्राणी, आणि तळाशी वीतभर वाळू. त्या माणसाशी तो दोन दिवस बोलत बसला होता आणि सगळं लक्षात ठेवून आला होता.

दुकानांच्या शोकेसला काच बसवणाऱ्याकडून टाकी करून घेतली. वाळू आणि दगड त्याच्या जहाजावरच्या एका दोस्ताने मुंबईहून पाठवले. वाळू म्हणजे शंखशिंपल्यांचा चुरा, पांढरट. दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने आले, खारट वास मारत. पाण्याची सोय समोरच्या कापडवाल्या शेठजींनी केली. त्यांचा माल सुरतेहून टेम्पोने यायचा. तिथं समुद्र जवळ. टेम्पोवाला येताना प्लास्टिकचे कॅन भरून आणायचा. शेठजी कॅन उतरवताना ओट्यावर उभे राहून म्हणत, "ताई, सारं जळगाव सुरतेहून साड्या मागवतं. तुम्ही पाणी मागवता. आणि तेही खारं. आमच्यात याला धंदा म्हणत नाहीत."

भाऊ खिडकीतून म्हणे, "शेठ, साडी फाटते. हे पाणी तसंच राहतं."

"मग मलाही दोन कॅन ठेवा, मुलीच्या लग्नात देतो."

वाळू टाकीत वीतभर भरली तेव्हा गल्लीतले सगळे बघून गेले. माझ्या यजमानांनी विचारलं, "मासे पाळणार आहेस की वांगी लावणार आहेस?" मलाही ते पटत नव्हतं. एवढी वाळू, तिच्यात माशांची घाण बसणार, ती धुवायची कशी? मी त्याला सरळ विचारलं, "ही वाळू काढून धुवायची किती दिवसांनी?"

"कधीच नाही."

"कधीच नाही म्हणजे?"

"म्हणजे कधीच नाही. तुझे हात बांधून ठेव, अक्का."

मग त्याने मला समजावून सांगितलं. वरच्या बोटभर वाळूत हवा खेळते, तिथं बारीक किडे आणि गोगलगायी राहतात. त्या वरची वाळू हवी तेवढी हलवतात, आपण हलवायची गरज नाही. खालच्या वाळूत हवा नसते. तिथं जे जंतू राहतात त्यांना हवा सोसतच नाही. माशांची घाण झिरपत खाली जाते, ते जंतू तिचा वायू करून टाकतात, काचेला लागून एखादा बुडबुडा वर येतो आणि फुटतो. पाणी स्वच्छ. खालची वाळू काळी पडते, पडू द्यायची. पण कुणी हात घालून ती ढवळली तर खालचं विष वर येतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि टाकीतलं सगळं मरतं.

"ही वाळू म्हणजे टाकीचं मूत्रपिंड आहे," तो म्हणाला. "ते काढून, घासून, परत बसवत नाहीत. बसवता आलं असतं तर मीच बसवलं असतं."

हे तो काचेकडे बघत बोलला. मी भाकरी तव्यावर आहे म्हणून आत गेले. तवा तेव्हा चुलीवर नव्हता.

टाकीचं काम खूप असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात काम म्हणजे बहुतेक गोष्टी न करणं. खाणं चिमूटभर द्यायचं, जास्त नाही. काच पुसायची ती वाळूच्या कडेपर्यंत, खाली नाही. दगड हलवायचा नाही. बुडबुडे येतात का बघायचं. वाळूत किड्यांनी केलेल्या बारीक वाटा काचेतून दिसत, सुईने ओढल्यासारख्या. त्या रोज थोड्या बदललेल्या असल्या की सगळं ठीक. भाऊ बॅटरी लावून त्या वाटा बघायचा. मला मात्र दिवाळीच्या साफसफाईत सगळं घर घासून झाल्यावर ती काळी-पिवळी वाळू काचेतून दिसायची आणि माझे हात शिवशिवायचे.

दगडांवर तपकिरी, बटणाएवढी समुद्रफुलं उमलायची. दोन निळे मासे होते, बोटाएवढे, भांडखोर. शंखात राहणारा एक खेकडा होता. भाऊ त्याला भाडेकरू म्हणायचा.

मग आई आली, राहायलाच आली. टाकीसमोर बसून तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हाई रेती धोतस का?" भाऊ नाही म्हणाला. तिने मान हलवली. "हाऊ ते झिरा शे."

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात पांझरा कोरडी पडली की बाया नदीच्या पात्रात वाळू उकरून खड्डा करत. त्याला झिरा म्हणतात. पहिलं पाणी गढूळ येतं, ते वाटीने काढून टाकायचं आणि थांबायचं. मग वाळूतून झिरपून इतकं नितळ पाणी येतं की तळाचा खडा मोजावा. वाटीवाटीने ते हंड्यात भरायचं. एकदा झिरा धरला की त्यात कुणी पाय घालायचा नाही, ढवळायचा नाही; पोरांनी ढवळला तर बाया पाठीत धपाटा घालत. मीही खाल्ला आहे. त्यामुळे वाळू पाणी साफ करते हे आईला कुणी समजवायची गरज पडली नाही. तेव्हापासून घरात त्या टाकीला झिराच म्हणू लागले.

आईला वाळूचं कळलं, बाटलीचं कळलं नाही. मी ऑफिसला गेले की ती त्याला चोरून पाणी द्यायची. पेलाभर नाही, वाटीभर. पण रोज. नाशिकला वजन केलं की अंगात पाणी जास्त भरे. डॉक्टर मला बोलत. मी घरी येऊन आईला बोलले.

आई म्हणाली, "तू बहीन शे का सासू?"

"सासू असते तर तुला गावी पाठवलं असतं."

"पोऱ्या पानी मांगस आन् माय बसी ऱ्हास, असं कुठं लिहेल शे?"

भाऊ पलंगावरून म्हणाला, "माय, मी मांगत नव्हतो. तू देत होतीस. मी नाही कसं म्हणणार?"

आईने पदर तोंडाला लावला. पण त्यानंतर एका सकाळी त्याला श्वास घेता येईना, उताणं पडता येईना, बसून बसून तो घामाने भिजला, आणि रिक्षात घालून न्यावं लागलं. ते आईने पाहिलं. मग वाटी बंद झाली. त्यानंतर ती स्वतःसुद्धा त्याच्यासमोर पाणी प्यायची नाही. मोरीत जाऊन प्यायची.

खानदेशातला उन्हाळा आणि समुद्राचं पाणी यांचं जमत नाही. पाणी तापू नये म्हणून टाकीच्या काचेला बाहेरून ओलं फडकं लावायचं, वरून पंखा सोडायचा. पंख्याने पाणी आणखी उडायचं. वीज गेली की मी पुठ्ठ्याने वारा घालायचे. खारटपणा मोजायची काचेची नळी एप्रिलमध्ये फुटली आणि जळगावात दुसरी मिळेना. गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानातून तसलीच दिसणारी नळी आणली. तिचं माप आपल्या पाण्यापर्यंत येतच नव्हतं, ती ॲसिडसाठी. मग भावाने सोपी युक्ती सांगितली. पाणी होतं तिथं काचेवर नेलपॉलिशची रेघ ओढली. "पाणी उडतं, मीठ उडत नाही," तो म्हणाला. "रेघेखाली जेवढं गेलं तेवढं साधं पाणी घालायचं. खारटपणा तोच राहतो." ते मला लगेच पटलं. रोज सकाळी त्याची बाटली भरली की मी रेघेपर्यंत टाकी भरायचे.

कडक उन्हाळ्यात टाकीला रोज जवळजवळ घागरभर लागायचं. तो बघत बसायचा. ओठ सुकलेले, त्यावर आई ओलं फडकं फिरवायची. एकदा म्हणाला, "पुढच्या जन्मी टाकी व्हायचं. अक्का रेघेपर्यंत भरते."

मी म्हटलं, "टाकी झालास तरी कुरकुर करशील."

"टाकीला बोलता येत नाही."

"तेवढंच बरं."

दुसरा हिवाळा आला तेव्हा त्याचं सगळंच उतरत चाललं होतं. नाशिकहून आला की दोन दिवस झोपूनच. एका दुपारी, रविवार असावा कारण मी घरी होते, मी शेंगा निवडत बसले होते आणि आई पलंगाच्या पायथ्याशी टेकून बसली होती. तो म्हणाला, "एक ऐका दोघी. मी गेल्यावर बाया येतील आणि घरातलं पाणी ओततील. माठ ओता, पिंप ओता. याला हात लावू देऊ नका. हे उपसायचं नाही."

आमच्यात माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ठेवत नाहीत. सगळं ओतून भांडी पालथी घालतात. त्याने तेवढ्या लांबचा विचार करून ठेवला होता.

मी म्हटलं, "आधी गोळी घे."

"गोळी घेतो. हो म्हण."

"हो."

आईकडे त्याने पाहिलं. आई म्हणाली, "झिरा कोनी उपसस का? तो आपोआप आटस, आपोआप भरस. तू झोप."

तो गोळी घेऊन झोपला. मी शेंगा निवडत राहिले.

फाल्गुनात तो गेला. सकाळी, जळगावलाच, दवाखान्यात. मी तिथं होते. त्याला घरी आणलं, पुढच्या खोलीत थोडा वेळ ठेवला. टाकीतलं पाणी फिरवणारा पंप तेवढ्यातही गुरगुरत होता; कुणीतरी बंद करा म्हणालं, मी नको म्हटलं. मग पुरुष त्याला घेऊन गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, कुणाला ओळखत नसल्यासारखी. मी मागे अंघोळीला गेले. तेवढ्या वेळात ते झालं.

बोदवडहून काकू आल्या होत्या. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, कामाला वाघ. घरात कुणी गेलं की पुढं होऊन सगळं करणारी बाई लागते, ती नेहमी त्याच. त्यांनी माठ ओतला, हंडे ओतले, मोरीतलं पिंप आडवं केलं. मग पुढच्या खोलीत एवढं मोठं काचेचं भांडं भरलेलं दिसलं. त्यांनी बादली आणि तांब्या घेतला. आजूबाजूच्या दोन बाया मदतीला. पाणी बादलीबादलीने अंगणात गेलं. वाळू लागली तेव्हा तांब्यात पाणी येईना. वाळूत अजून पाणी आहे हे कुणाही खानदेशातल्या बाईला कळतं. काकूंनी आमच्या नदीत जे करतात तेच केलं. वाटी घेतली आणि पाणी गोळा व्हावं म्हणून वाळूत खड्डा उकरला. पार तळापर्यंत.

मी ओल्या केसांनी बाहेर आले ती वासाने. सडक्या अंड्याचा वास खोलीभर. बाया नाकाला पदर लावून. एकजण म्हणत होती, "बघा, किती घाण साठली होती. ओतलं ते बरंच झालं." टाकीच्या एका कोपऱ्यात काळा खड्डा, त्यात काळं पाणी पाझरत होतं आणि काकूंचा हात कोपरापर्यंत आत.

मी बोलायच्या आधी आई उठली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हलली होती. तिने जाऊन काकूंचं मनगट धरलं.

"झिरा शे तो. कोनी झिरा ओतस का? हात काढ."

"अहो जाऊबाई, घरातलं पाणी आहे. असं ठेवत नाहीत."

"घरनं नही ते. नदीनं शे. हात काढ म्हणस ना."

काकूंनी हात काढला. कुणाला काही कळलं नाही, पण त्या दिवशी आईशी वाद घालायची कुणाची ताकद नव्हती. काकूंना मी काही बोलले नाही. त्या चुकल्या नव्हत्या. माणूस गेल्यावर जे करतात ते त्यांनी केलं होतं, आणि आम्ही दोघींनी त्यांना आधी सांगितलं नव्हतं कारण आम्हाला तेव्हा आठवलं नव्हतं.

एक बादली अंगणात ओतायची राहिली होती. ती मी परत टाकीत ओतली. खड्डा हाताने बुजवला नाही, तो आपोआप ढासळून बुजला. शेठजींना निरोप गेला. ते स्वतः आले, दाराबाहेरूनच म्हणाले, "ताई, उद्या टेम्पो जातोय," आणि त्यावर एकही विनोद केला नाही. दोन दिवसांनी कॅन आले आणि टाकी पुन्हा रेघेपर्यंत भरली.

उपयोग झाला नाही. सुतकात लोक भेटायला येत, पलंग काढलेल्या जागी सतरंजीवर बसत, आणि मी त्यांच्या बोलण्याला हो-हो करत त्यांच्या खांद्यावरून टाकीकडे बघत असे. आधी निळे मासे गेले, एकापाठोपाठ. चहाच्या गाळणीने काढले. समुद्रफुलं मिटली ती उमललीच नाहीत, मग दगडावरून सुटून पडली. खेकडा शंख सोडून बाहेर आला आणि तसाच राहिला. खालचं काळं हळूहळू वर चढत गेलं. काचेजवळच्या वाटा जिथं होत्या तिथंच थांबल्या. अंगणातला कढीपत्ता आणि डाळिंब त्या खाऱ्या पाण्याने त्याच महिन्यात जळाले.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मी ऑफिसला जाऊ लागले. रोज सकाळी मी टाकी रेघेपर्यंत भरत होते. आत काही हलत नव्हतं हे मला दिसत होतं. पण न उपसायचं ठरलं होतं, आणि रेघेपर्यंत भरणं हा त्यातलाच भाग असं मी धरून चालले होते. दुसरा कोपरा खणला गेला नव्हता. तिथं काही उरलंही असेल. उन्हं वाढली तशी घागरभर पाणी लागू लागलं. नळाला आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येई.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीइतका मोठा सण नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी लाल घागर, तिच्यावर पाण्याने भरलेली लहान मडकी, वर आंबा नाहीतर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी नैवेद्य. गेलेल्याने वर्षभर तहानेलं राहू नये म्हणून. नवीन गेलेल्याची पहिली घागर चुकवत नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे झोका नव्हता, गाणी नव्हती, फक्त घागर होती.

नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते. पिंपाच्या तळाशी प्यायला-शिजवायला लागेल तेवढं सोडून घागरभर पाणी निघत होतं. त्याच्यावर एक तांब्या नाही. मी सवयीने ते बादलीत घेऊन टाकीपाशी गेले होते. पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं.

आई दारात घागर घेऊन उभी होती. "पानी एकच घागर शे," ती म्हणाली. "त्याले दे."

"आणि टाकी?"

"झिराले आज नको."

"त्याने सांगितलं होतं—"

"उपसू नका म्हणे तो. भरा असं नही म्हणे." ती टाकीकडे न बघता बोलत होती. "झिरा आटस तवय कोनी रडत नही. आटू दे."

मी बादली तिच्या घागरीत ओतली. घागर काठोकाठ भरली, थोडं पाणी मातीवरून ओघळलं. नवी घागर पाणी पिते, ते ओघळलेलं तिनं तिथंच शोषून घेतलं. आईने लहान मडकी भरून वर ठेवली, तिच्यावर डांगर ठेवलं, हळदीकुंकू लावलं, निखाऱ्यावर घास टाकला. मग घागरीच्या गळ्याला हात लावून, कुणाला पेला पुढे करावा तसं, हळू आवाजात म्हणाली, "पी ले भाऊ पोट भरी. आते कोनी मोजणार नही."

मोजणारी मी होते. मी तिथंच मागे उभी होते आणि ते मला उद्देशून नव्हतं. मोजलं नसतं तर तो आधीच गेला असता; मोजून दोन वर्षं मिळाली. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मोजेन. पण घागर भरताना हात थांबला नाही, एवढं मला त्या दिवशी जाणवलं. मांडे खाऊन मी भांडी घासायला बसले आणि खूप वेळ घासत राहिले.

त्या दिवसानंतर टाकीत पाणी घातलं नाही. पंप बंद केला, पंखा बंद केला. कुणी उपसली नाही. वैशाखात पाणी रोज बोटबोट खाली जात होतं. आई सकाळी उठून बघायची आणि सांगायची, "आज दगड उघडा पडना." काही दिवसांनी दगड पूर्ण कोरडे झाले. ज्येष्ठात वाळू उघडी पडली, वर पांढरी खपली धरली, मग भेगा पडल्या. वास राहिला नाही. आई गावी परत गेली. जाताना टाकीतली चिमूटभर वाळू तिने पदराच्या टोकाला बांधून नेली. ती तिने पांझरेत सोडली की ठेवली, मी विचारलं नाही.

उरलेली वाळू खारी, बांधकामाला चालत नाही. तिचं पोतं माळ्यावर आहे. टाकी मी धुऊन पुसून घेतली, काच चांगली जाड आहे. आता तिच्यात हिवाळ्याच्या गोधड्या ठेवते. आतल्या बाजूला रेघेच्या जागी क्षाराची पांढरी कड राहिली आहे. घासणीने जात नाही. हे म्हणतात, लिंबू चोळलं तर निघेल. निघेल, मला माहीत आहे. लिंबू लावलेलं नाही.